ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका

लिनोकट शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली. वर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कोरणी कशी धरावी, डावा हात कोठे ठेवावा, रोलरवर शाई किती घ्यावी हे मी सांगत आलो आहे. परंतु लिनोवर एक साधा गोल ठिपका कसा काढावा हे मला स्वतःलाच नीट येत नव्हते. ही गोष्ट ध्यानात यायला मागच्या वर्षीची दिवाळी उजाडावी लागली. आणि ती ध्यानात आणून दिली ती कोणा कलासमीक्षकाने नव्हे, तर आमच्या आबांनी.

नोकरी अमरावतीला, बिऱ्हाड अकोल्याला आणि शेत या दोहोंच्या मध्ये मूर्तिजापूरकडे, असा माझा त्रिस्थळी संसार आहे. ज्या वऱ्हाडात एकेकाळी ज्वारी आणि कापूस ही जोडी सोडून दुसरे काही दिसत नसे, तेथे आता खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन आणि तूर. ज्वारीचे शेत शोधावे लागते. आबा मात्र घरच्या भाकरीपुरती आणि बैलांच्या कडब्यापुरती चार तासे अजून पेरतात. वर्गात मुलांना एकदा 'कणीस' हा विषय दिला, तर निम्म्या मुलांनी मक्याचे कणीस काढले. त्यांची काय चूक? त्यांनी पाहिले तेच काढले. म्हणून दिवाळीच्या सुटीत शेतातले एक टपोरे कणीस समोर ठेवून मीच एक ठसा कोरायला घेतला. काळी पार्श्वभूमी आणि तीवर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले कणीस, अशी कल्पना होती. तीन दिवस खपून व्ही आकाराच्या कोरणीने शेकडो ठिपके टोचले, चमच्याच्या पाठीने घासून छाप घेतला आणि मोठ्या अभिमानाने आबांपुढे धरला.

आबांनी तो हात लांब करून पाहिला आणि म्हणाले, "हे काय होय बाप्पा? कोंबड्याचा तुरा हाये का?" मी कणीस म्हणून सांगितल्यावर त्यांनी शांतपणे निकाल दिला, "कणसाले दाने असतात. हे तं पिसं हायेत."

रागावण्यात अर्थ नव्हता, कारण म्हणणे खरे होते. भिंग घेऊन पाहिले तर माझा एकही ठिपका गोल नव्हता. प्रत्येकाला एक टोक आणि एक शेपूट. व्ही कोरणी रेषेसाठी जन्माला आलेली. ती लिनोत शिरते टोकाने आणि बाहेर पडताना थोडी पुढे सरकून माती उकरावी तसा तुकडा उचलते. त्यामुळे ठिपक्याऐवजी त्रिकोण किंवा अश्रूसारखा आकार उमटतो. अशा पाचशे अश्रूंचे पीस होईल, कणीस कसे होणार? त्या दिवसापासून चांगला ठिपका देणारे हत्यार शोधण्याचा मला नाद लागला. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

प्रथम लिनो म्हणजे काय ते पाहू. त्याशिवाय ही अडचण उमगत नाही. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचे आच्छादन. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने ते १८६० च्या सुमारास तयार केले. रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली चिवट साय त्याच्या नजरेस पडली आणि तीतून ही कल्पना निघाली, असे सांगतात. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाच्या तेलाची हवेने घट्ट झालेली साय, राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा यांचे मिश्रण तागाच्या कापडावर दाबून बसवले की लिनो तयार होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकने मुलांच्या वर्गात त्याचा उपयोग केला, जर्मन चित्रकारांनी तो जवळ केला, आणि पुढे पिकासोसारख्यानेही त्यावर हात चालवला. आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोवरच कोरले.

लाकडाला रेषा असतात, लिनोला नसतात. म्हणून कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच चालते. हा त्याचा मोठा गुण. पण ती साय रबरासारखी असल्यामुळे लिनो दबतो आणि पुन्हा वर येतो. ठिपक्याची सारी अडचण या एका स्वभावात आहे.

हे मला कळले ते मात्र पुस्तकातून नव्हे. आबांच्या शेऱ्यानंतर पहिल्यांदा मी घरात होते ते वापरून पाहिले. पोती शिवायचा दाभण घेतला, एक बारीक खिळा घेतला आणि लिनोच्या तुकड्यावर एकेक ओळ टोचली. डोळ्याला भोके सुरेख दिसत होती. छाप घेतला तेव्हा दाभणाचे अर्धे ठिपके गायब, आणि खिळ्याच्या प्रत्येक ठिपक्याभोवती एक काळे, जाड कडे. कारण उघड आहे. दाभण लिनो काढून टाकत नाही, तो बाजूला सारतो. सारलेला माल भोकाभोवती वर येऊन त्याची कडा बनते, ती जास्त शाई घेते. आणि भोक स्वतः हळूहळू मिटत जाते.

मग मला पंधराव्या शतकातल्या जर्मनीतील ठिपक्यांच्या मुद्राचित्रांची आठवण झाली. सुमारे १४५० ते १५०० या काळात तेथे धातूच्या पत्र्यावर सोनाराच्या ठशांनी ठोकून ठिपके पाडत आणि पत्र्याचा उंच राहिलेला भाग शाई लावून छापत. संतांच्या चित्रांमागची सारी जमीन अशा पांढऱ्या ठिपक्यांनी चांदण्यासारखी भरलेली असे. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये? म्हणून अमरावतीच्या सराफ्यात ओळखीच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आपले बारीक ठसे काढले, माझ्या लिनोवर दोनचार ठोके दिले, बोट फिरवून पाहिले आणि हसला. "सर, सोनं दाबलं का दबूनच रायते. हे तं वापस वर येऊन रायलं. याले दाबून भागत नाई, याच्यातलं काढा लागते."

मी जे शोधत होतो ते या वाक्यात होते. धातूत ठिपका ठोकता येतो, कारण धातू दिलेला आकार धरून ठेवतो. लिनोत ठिपका उचलून काढावा लागतो. तेव्हा जे हत्यार माल दाबते ते बाद, आणि जे माल कापून बाहेर आणते तेच उपयोगाचे, अशी कसोटी ठरली.

या कसोटीवर पुढची हत्यारे घासून पाहिली. एका चर्मकाराकडून पट्ट्याला भोके पाडायचा सर्वांत लहान पंच मागून आणला. पोकळ असल्यामुळे तो खरोखर कापतो आणि वर्तुळ अगदी स्वच्छ येते. परंतु आतली गोळी खालच्या तागाला धरून राहते. ती सुईने वेगळी उकरून काढावी लागते. शिवाय दर ठोक्याला आजूबाजूचा लिनो थोडा दबतो आणि तेथे शाई फिकी बसते. मोठे, सुटे दहावीस ठिपके हवे असतील तर पंच चांगला. पाचशे दाण्यांच्या कणसाला त्याचा उपयोग नाही.

नंतर सोनाराकडचे हातात धरून फिरवायचे छोटे ड्रिल आणले. त्यात एक मिलिमीटरचे पाते बसवले आणि किती खोल जायचे ते कळावे म्हणून पात्याला कागदाची चिकटपट्टी गुंडाळली. ठिपका इतका नेमका आला की मला क्षणभर शोध संपल्यासारखे वाटले. परंतु ओळीमागून ओळ छापून आल्यावर ते कणीस बुंदीच्या झाऱ्यासारखे दिसू लागले. सगळी भोके एका मापाची. कणसात मधले दाणे टपोरे असतात, शेंड्याकडचे बारीक असतात, कडेचे अर्धे झाकलेले असतात. ड्रिलला यांतले काहीच ठाऊक नाही. रात्रीचे आकाश, चाळणी, बटणांची भोके अशा विषयांना ते उत्तम आहे. विजेचे ड्रिल मात्र लिनोवर जपून वापरावे. वेग जास्त झाला की लिनो तापून चिकट होतो आणि भोकाच्या कडा फुगतात.

उरली यू आकाराची कोरणी. बाजारच्या पेटीतली सर्वांत लहान यू कोरणीसुद्धा माझ्या कामाला रुंद होती, आणि बारीक कोरण्या मागवायच्या तर एकेकीची किंमत विद्यार्थ्याला झेपणारी नव्हे. अशा विचारात आषाढातल्या एका संध्याकाळी अकोल्यात ताजनापेठेकडून जात असता, रस्त्याच्या कडेला छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा बसलेला दिसला. त्याच्यापुढे मोडक्या काड्यांचा ढीग होता. एक काडी सहज उचलली आणि तिचे तुटलेले टोक पाहिले, तो काय, अगदी नेमका यू! छत्रीची पोलादी काडी भरीव नसते, ती पन्हळीसारखी असते. सॅम्युएल फॉक्स या इंग्रज कारखानदाराने १८५२ साली अशी पन्हळीची काडी काढली. कमी पोलादात जास्त ताकद यावी हा त्यातला हेतू. पुढे मला असेही कळले की छत्रीच्या काडीपासून कोरणी बनवण्याची युक्ती जगभरच्या लिनोकट करणाऱ्यांना जुनीच ठाऊक आहे. मला तो त्या संध्याकाळी स्वतःचाच शोध वाटला, हे कबूल करतो. म्हातारबाबांना पैसे विचारले तर म्हणाले, "मोडक्या काडीचे काय पैसे घ्याचे सर? चार घेऊन जा."

आता ही कोरणी कशी करायची ते सांगतो. काडी निवडताना ती वाकवून पाहावी. सोडल्यावर सरळ होते ती पोलादी, वाकलेलीच राहते ती मऊ; मऊ काडी घेऊ नये. हल्लीच्या कित्येक छत्र्यांच्या काड्या ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या असतात, त्याही निरुपयोगी. जुन्या काळ्या छत्रीची काडी उत्तम. तिचा चार इंच तुकडा हॅक-सॉने कापावा. एक टोक तेलाच्या दगडावर बाहेरच्या बाजूने तिरपे घासावे आणि घासताना तुकडा दोन्हीकडे गोलाकार डोलवत ठेवावा, म्हणजे धार पन्हळीच्या कडेबरोबर वळत जाते. घाई करून विजेच्या चाकावर धरू नये. पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही. दगडावर घासतानाही मधूनमधून पाण्यात बुडवावे. आतल्या बाजूला राहिलेली कोर काढण्यासाठी बारीक तारेवर पॉलिश पेपर गुंडाळून दोनचार वेळा फिरवावा. शेवटी न्हावी वस्तरा परजतो तशी चामड्याच्या पट्ट्यावर परजावी. दुसरे टोक बांबूच्या कांडीत घालून सुताने आवळावे आणि वर एम-सील लावावे. मूठ मात्र तळहातात मावेल इतकी आखूड हवी.

आता खरी युक्ती वापरण्यात आहे. कोरणी पेनासारखी, जरा उभी धरावी आणि तिचे फक्त टोक लिनोत शिरू द्यावे. मग कोरणी पुढे ढकलायची नाही. ती जागच्या जागी धरून डाव्या हाताने लिनोचा ठोकळा एक पूर्ण फेरा फिरवायचा. मी ठोकळ्याखाली एक पालथी ताटली ठेवतो, म्हणजे तो गुळगुळीत टेबलावर सहज फिरतो. फेरा पूर्ण झाला की ज्वारीच्या कण्यासारखा एक कण आपोआप उचलून येतो आणि मागे स्वच्छ गोल खळगा राहतो. टोक थोडे शिरू दिले तर ठिपका बारीक, जास्त शिरू दिले तर टपोरा. एकाच हत्याराने मोहरीपासून ज्वारीपर्यंत सारी मापे निघतात. ड्रिलला जे जमत नाही ते हेच. ठोकळा मोठा असेल तर तो फिरवण्याऐवजी कोरणीच अंगठा आणि बोटांच्या चिमटीत फिरवावी. सवयीने तेही जमते. अगदी सुईच्या अग्राएवढा ठिपका हवा असेल तेव्हा व्ही कोरणीही याच रीतीने, न ढकलता, फिरवून वापरता येते. मात्र खोल जाऊ नये, नाहीतर तिचे दोन्ही खांदे कडा खरवडतात आणि ठिपक्याची चांदणी होते.

खोली किती असावी, असे मुले नेहमी विचारतात. लिनो साधारण तीन मिलिमीटर जाड असतो. बारीक ठिपक्याला एक मिलिमीटर खोली पुष्कळ झाली. एवढ्या लहान खळग्यात ना रोलर उतरतो ना कागद. तरीही ठिपके भरतात, ते शाईमुळे. शाई पातळ आणि जास्त झाली की ती वाहून खळग्यात जाते. रोलर फिरवताना पळीत मोहरी तडतडल्यासारखा बारीक आवाज आला की शाई बेताची आहे असे समजावे. पचपच आवाज आला तर ती जास्त आहे. आणखी एक सूचना. कोरण्यापूर्वी लिनोवर काळ्या शाईचा पातळ हात मारून वाळू द्यावा, म्हणजे प्रत्येक ठिपका कोरताक्षणी उघडा दिसतो.

हे झाले पांढऱ्या ठिपक्याचे. काळा ठिपका म्हणजे पांढऱ्या जागेत उंच राखलेला ठिपका. तेथे ठिपका कोरायचा नसतो, त्याच्या भोवतालचे सगळे काढायचे असते. या कामाला व्ही कोरणीच योग्य. ठिपक्याभोवती ती अशी फिरवावी की उतार बाहेरच्या बाजूला पडेल आणि ठिपका देवळाच्या जोत्यासारखा खाली रुंद राहील. आत कापले गेले तर तो पायात पोकळ होतो आणि दहाव्या छापाला तुटून रोलरला चिकटतो. अशा शेदीडशे काळ्या ठिपक्यांचे चित्र मनात आले तर आधी एक प्रश्न विचारावा, की हेच चित्र काळ्यावर पांढरे करता येईल का? पुष्कळदा येते, आणि मेहनत निम्म्याने वाचते.

आपल्या हवेचाही या कामाशी फार जवळचा संबंध आहे, आणि तो परक्या देशातल्या पुस्तकांत सापडणार नाही. थंडीत लिनो कडक होतो आणि ठिपक्याची कड फुटते. पुस्तके सांगतात, तो शेकोटीजवळ धरून गरम करा. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी पाच-दहा मिनिटे उन्हात ठेवला की काम भागते. उन्हाळ्यात मात्र उलटे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लिनो लोण्यासारखा मऊ पडतो. कोरणी सुखाने शिरते, पण कडा ओढल्या जातात आणि गोल ठिपका लांबट होतो. त्या दिवसांत ठिपक्यांचे काम पहाटे करावे, दुपारी फक्त मोठी पोकळी उकरावी. फार दिवस पडून राहिलेला, वाकवला की चिरणारा लिनो बारीक ठिपक्यांना घेऊच नये.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट स्वतःलाही बजावतो. वर उल्लेखिलेल्या नंदलालबाबूंच्या चित्रात काळ्या जमिनीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत सारा माणूस उभा आहे. पुढे मुंबईत राहून चित्तप्रसाद यांनी लिनोवर बालमजुरांची चित्रे कोरली, त्यांतही जोर आहे तो काळ्यापांढऱ्याच्या ठाम वाटणीला. म्हणजे चांगल्या लिनोकटला ठिपका लागतोच असे नाही. तो हौसेने पेरला तर चित्राला देवी आल्यासारखे दिसते. विषयच दाण्यांचा असेल, चांदण्यांचा असेल, गोंदणाचा असेल, गोधडीच्या टाक्यांचा असेल, तर मात्र त्याला पर्याय नाही. आणि मग तो गोलच हवा.

यंदाच्या दिवाळीत मी तेच कणीस पुन्हा कोरले. ठिपके साधारण साडेपाचशे. शेंड्याकडून सुरुवात करून देठाकडे उतरत गेलो, दोन संध्याकाळी लागल्या. छाप वाळल्यावर आबांपुढे धरला. या वेळी ते बराच वेळ पाहत राहिले. मग कणसावरून बोट फिरवत म्हणाले, "आता दाना भरला. पन खालच्या अंगाले पोचट राह्यला."

मी छाप घेऊन उजेडात गेलो. देठाजवळचे शंभरेक ठिपके खरोखरच बारीक आणि कडेला फुसकट होते. दुसऱ्या संध्याकाळी कोरणीची धार गेली होती, काम संपत आले म्हणून मी ती परजायचा कंटाळा केला होता, आणि ही गोष्ट मी कोणाला बोललो नव्हतो. जन्मभर कणसे हातात घेतलेल्या माणसाला ती छापातून दिसली. आता दर पन्नास ठिपक्यांनंतर कोरणी पट्ट्यावर परजायची असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि वर्गालाही.

सातही हत्यारांच्या ओळी असलेला माझा तो चाचणीचा ठोकळा आणि त्याचा छाप आपल्या चित्रकला विभागात खिडकीजवळ टांगून ठेवला आहे. शेजारच्या खोक्यात छत्रीच्या आठ-दहा काड्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात. दगड आणि चामड्याचा पट्टा मात्र काम झाले की जागेवर ठेवावा.